गाडी आधी नावावर करा, मग चिखलात घाला

गोव्यातल्या साखळीहून एका वाचकाने लिहिलेलं पत्र थोडक्यात असं: "दीड वर्षापूर्वी बेळगावहून 2012 सालची स्कॉर्पिओ फोर बाय फोर घेतली. फॉर्मवर सह्या झाल्या, पण गाडी अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे, नंबरही केए 22. फोंड्याकडच्या एका गॅरेजवाल्याला 1 लाख 90 हजार देऊन ती रानवाटांसाठी तयार करून घेतली. गाडी तीन इंच उचलली, मूळच्या 29 इंचांच्या जागी 33 इंची टायर घातले, बुलबारसकट (पुढच्या आडव्या लोखंडी दांड्यांसकट) लोखंडी बंपर आणि विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, बसवला, टपावर लाइटची पट्टी लावली. 'पासिंगची जबाबदारी माझी' असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. आता चार बदलांचं 20 हजारांचं चलान आलंय. गोव्याचा नंबर घ्यायला गेलो तर 'मूळ रूपात आणा' म्हणून परत पाठवलं. गॅरेजवाला फोन उचलत नाही. चलान लढवू का? बदल कायदेशीर करून मिळतील का? पैसे परत येतील का? पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या रानात फिरायचं होतं."

तुम्ही चलानाने घाबरलात, मला मात्र त्या केए 22 ची जास्त काळजी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की, अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीवर ज्याचं नाव आहे तो. तुमच्या हातून कुणाला इजा झाली तर नोटीस बेळगावच्या त्या गृहस्थांनाही जाईल. आणि तुमची गाडी दरीत गेली तर तुम्हाला छदामही मिळणार नाही, कारण विमा त्यांच्याच नावावर आहे. अपघातात इजा झालेल्या तिसऱ्या व्यक्तीसाठीचं विमासंरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी खरेदीपासून 14 दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे खरेदीदाराने नोंदणी कार्यालयाला 30 दिवसांत कळवायचं असतं, आणि परराज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम 47 प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. तुमच्या या सगळ्या मुदती उलटून गेल्या आहेत. उशिराचा दंड भरावा लागेल, तो भरा. मूळ मालकाला आजच फोन करा. गाडी त्यांच्या नावावरून उतरण्यात त्यांचाही जीव अडकलेला आहे, ते नाही म्हणणार नाहीत. बेळगावच्या कार्यालयाची ना हरकत म्हणजे फॉर्म 28, हस्तांतराचे 29 आणि 30, नव्या नंबराचा 27, एवढे कागद लागतील.

आता बदलांबद्दल. कलम 52 म्हणतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जयचंद्र प्रकरणात हा अर्थ पक्का केला. केरळ उच्च न्यायालयाने दिलेली सवलत तिथे रद्द झाली. नोंदणीपत्रात गाडीचं रिकामं वजनही लिहिलेलं असतं हे बरेच जण विसरतात. लोखंडी बंपर आणि विंच मिळून कितीतरी किलो वाढतात आणि ते सगळे पुढच्या चाकांवर येतात. बुलबारवर कारवाई करा असं केंद्रीय रस्ते मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं. पुढच्या बाजूला सर्चलाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या आगाऊ मंजुरीशिवाय लावायचा नाही, असं केंद्रीय नियम 111 सांगतो. टायरचं तर गणितच पाहा: 29 च्या जागी 33 इंच आले की काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 68 ने धावत असते, ब्रेक मात्र जुन्याच मापाचे.

चलान लढवण्यासारखं नाही. कलम 182अ च्या चौथ्या पोटकलमात प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, म्हणजे चार बदलांचे 20 हजार हा हिशोब बरोबरच निघाला. तडजोडीत भरून मोकळे व्हा. भरल्याने बदल मंजूर होत नाहीत. तीच गाडी पुन्हा अडवली तर पुन्हा चलान होईल. शिवाय 2027 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती पुन्हा निरीक्षकासमोर न्यावी लागेल. मूळ रूप परत आणण्याला पर्याय नाही.

इथे तुम्ही हिरमुसला असाल, म्हणून सांगतो. माझे काही पक्षकार गाडी घेऊन डोंगरात जातात, आणि त्यांची गाडी कशाने अडली हे मी विचारत असतो. उंची कमी पडली असं क्वचित ऐकतो. रेडिएटर गळला, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला, ब्रेकची नळी गंजली, हेच ऐकतो. एकाने बाटलीत डिफरन्शियलचं, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या पेटीचं, तेल आणून दाखवलं होतं. दुधाच्या चहासारखं झालं होतं. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि अ‍ॅक्सलच्या हवा खेळवणाऱ्या नळीतून (ब्रीदर) पाणी ओढून घेते. ती रबरी नळी लांब करून बॉनेटखाली उंचावर बांधायला फार थोडा खर्च येतो, आणि नोंदणीपत्रातला एक शब्दही त्याने बदलत नाही. कूलिंग, ब्रेक, बेअरिंग, बुश, खालच्या सांगाड्याचा गंज हे सगळं दुरुस्तीत मोडतं. मूळ मापातच जाड नक्षीचे टायर मिळतात. ओढून काढायचा दोर उत्पादकाने दिलेल्या हुकालाच लावा. गोव्याच्या खाऱ्या हवेत चौदा वर्षांची चासी आतून कशी आहे हे आधी लिफ्टवर चढवून, हातोडीने ठोकून बघा. तुमचे 1 लाख 90 हजार इथे गेले असते तर गाडी जास्त भरवशाची झाली असती, आणि कायद्यातही बसली असती.

गॅरेजवाल्याकडून पैसे मागता येतील. पासिंगची हमी देऊन पासिंग न होणारं काम केलं, ही सेवेतली त्रुटी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही. आधी वकिलामार्फत 15 दिवसांची नोटीस पाठवा. तो मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. न्यायालयात तो दाखल करायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल. 'मालकालाही कायदा ठाऊक असायला हवा होता' असा बचाव तो करील आणि त्यात थोडं तथ्य आहे, त्यामुळे पूर्ण रक्कम मिळेल असं मी सांगणार नाही. मूळ रूपात आणण्याचा खर्च मात्र नक्की मागा.

सत्तरीबद्दल मी कडक बोलणार आहे. म्हादई अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरून जायला हरकत नाही, वन्यजीव कायद्याचं कलम 27 ती मुभा देतं. डांबर सोडून रानात चाक घातलंत की परवानगी लागते. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी कलम 39 खाली सरकारजमा होऊ शकते. मधल्या काळात ती सोडवायचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे, पण तोवर ती वन खात्याच्या आवारात पावसात भिजत राहते. बंद खाणींचे डंप, म्हणजे टाकाऊ मातीचे ढिगारे, हेही मोकळं रान नव्हेत. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींचे 88 लीज रद्द केले म्हणून जमीन बेवारस झालेली नाही. भाटकार (जमीनदार) असो वा कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी खिशात ठेवूनच आत जा. खाणीच्या खड्ड्यांच्या कडा पावसात ढासळतात, तिकडे परवानगी मिळाली तरी जाऊ नका. आणि कुणी स्पर्धा किंवा चाचणी भरवली तर त्यात उतरण्यापूर्वी पॉलिसीतली वापराची मर्यादा वाचा. शर्यत आणि विश्वासार्हता चाचणी यांना खाजगी गाडीच्या पॉलिसीत संरक्षण नसतं.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे: जुने स्प्रिंग, बंपर आणि चाकं त्याच गॅरेजच्या मागे पडून आहेत. ती भंगारात जाण्याआधी उद्याच एखाद्या साक्षीदाराला घेऊन जा, फोटो काढा, आणि सामान ताब्यात घेतल्याची पोच दोघांच्या सहीने करून घ्या. त्याने दिलं नाही तर नोटिशीचा पहिला मुद्दा तोच लिहू.