एक ओहोटी, एक जागा

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. देवबागच्या किनाऱ्यावर मे महिन्यात चार तास फिरलीस, कुरव (गल) केव्हाच उत्तरेला गेलेले, सुरय (टर्न) ओळखू येईनात, आणि बरोबरच्या मुलांच्या पक्ष्यांच्या याद्या दोनशेवर. आता मोठी लेन्स घेऊ की हा नादच सोडू, असं विचारतेस. दोन्ही नको. चार तास फिरलीस, तिथेच चुकलं. एका जागी बस. अख्खी ओहोटी बस.

वेळ इथल्या गाबीत मच्छीमारांसारखी काढ. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणून सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पाणी पुरतं उतरलेलं असतं, थोडं मागेपुढे. उजाडताना जा आणि पाणी फिरेपर्यंत उठू नकोस.

पहिला तास काही घडत नाही. मग डबक्याशी काळा समुद्रबगळा येतो. शेजारचा पांढराही त्याच जातीचा, नुसत्या रंगावर जाऊ नकोस. पिवळा पाय पाण्यात थरथरवून तो तळाचे मासे हुसकतो, मध्येच धावतो, एक पंख उघडतो, पुन्हा थिजतो. सुरयांचं नाव नंतर बघ. आधी त्यांची चोच बघ, उडताना ती खाली वळलेली असते. जागच्या जागी फडफडून सुरय पाण्यात सूर मारतो. किती सूर रिकामे गेले ते मोज. त्यांचा थवा एकाच ठिकाणी कोसळत असेल तर खालून मोठ्या माशांनी पेडवे, म्हणजे छोटे मासे, वर रेटलेले असतात. कुठे रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतातच. पाण्यावरचा मासा पंजात उचलून उडता उडता खातात. हे चालत्या माणसाला दिसत नाही. बस म्हणतो ते यासाठी.

आणि ते चिखले, किनाऱ्यावरचे छोटे प्लव्हर पक्षी, ज्यांना तू ‘मागे राहिलेले, बहुतेक आजारी’ म्हटलंस? त्यांतले बरेचसे पहिल्या वर्षाचे असतात. पहिला उन्हाळा ते इथेच काढतात. आजारी काय म्हणतेस!

मीही वीस वर्षं पळलोच. एका एप्रिलमध्ये एका फोटोसाठी चिखल्यांचा थवा एकाच ओहोटीत तीनदा उडवला. तिबेटच्या पठाराकडे निघायच्या आधी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून उडवला. फोटो चांगला आला. तो मी कुणाला दाखवत नाही.

पुढे वेंगुर्ला रॉक्सवर, समुद्रातल्या त्या खडकाळ बेटांवर, सुरयांच्या विणीच्या दिवसांत होडीने चला म्हणून बोलावणं आलं. नाही म्हटलं. हेकट म्हणाले, अजून म्हणतात. त्या तापल्या खडकावरून पक्षी उठला की अंडी उन्हात उघडी पडतात. मला तिथे नवीन नाव लिहायला जायचं नव्हतं. माझी यादी लहान राहिली ती आळसाने नव्हे. हे तुला का सांगतोय कळत नाही, पण कुणाला तरी सांगायचं होतं.

लेन्सचे पैसे ठेव. साधी दुर्बीण, वही, टोपी, पाण्याची बाटली पुरे. येत्या तृतीयेला मी देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी सुरूच्या सावलीत असेन. आलीस तर हाक मारू नकोस, शेजारी येऊन बस. बोलणं पाणी फिरल्यावर.