फील्ड नंतरही भरता येतात, मग कन्स्ट्रक्टर लिहायचा कशाला?

तुम्ही लिहिलंय की शिकवणी लावून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताय आणि सरांनी सांगितलं, 'कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्ट तयार करतो.' पण तुम्हाला दिसतंय की ऑब्जेक्ट (क्लास नावाच्या साच्यातून काढलेली एक वस्तू) 'न्यू' लिहिल्यावरच तयार होतं, आणि फील्ड (त्यातले माहितीचे कप्पे) पुढे एकेक ओळ लिहून भरता येतात. शंका रास्त आहे. सरांचं वाक्य अगदी चूक नाही, पण जरा सैल आहे. कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लासच्याच नावाचा, 'न्यू' म्हटलं की आपोआप चालणारा कोडचा तुकडा.

'न्यू' मेमरीत जागा घेतं. त्या जागेतली फील्ड आधी कोरी असतात: इंटमध्ये (पूर्णांक) 0, बूलियनमध्ये (खरं-खोटं) फॉल्स, स्ट्रिंगमध्ये (मजकूर) नल, म्हणजे काहीच नाही. मग कन्स्ट्रक्टर चालतो, आणि तो संपल्यावरच ऑब्जेक्टचा रेफरन्स, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचायचा दुवा, तुमच्या हातात पडतो. म्हणजे जन्म झालाय, पण घराबाहेर अजून कोणी पाहिलेलं नाही, एवढ्या वेळात कन्स्ट्रक्टर त्याला अंघोळ घालून कपडे चढवतो. हा गोंधळ जुनाच आहे बरं का. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी 1979 मध्ये 'सी विथ क्लासेस'चं (पुढे हीच सी++ भाषा झाली) काम सुरू केलं, त्यात या प्रकाराला 'न्यू फंक्शन'च म्हणत. कन्स्ट्रक्टर हे नाव मागाहून आलं.

आता 'कशाला' याचं उत्तर मला एका खानावळीत मिळालं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी सदाशिव पेठेत राहायचो. खानावळीच्या काकांना डब्यांवर चिकटवायला स्टिकर हवी होती. मोबदला म्हणून महिनाभर जेवण. मी असं लिहिलं (इथे कळायला देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाईप करताना इंग्रजीत करा):

ग्राहक ग = न्यू ग्राहक();
ग.नाव = "जोशी";
ग.पत्ता = "नागनाथ पारामागे";
ग.पोळ्या = 4;

हे चार ओळींचं गाठोडं प्रोग्राममध्ये पाच-सहा ठिकाणी होतं. त्यातल्या एका ठिकाणी नावाची ओळ राहून गेली. कंपायलरने (कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामने) चकार शब्द काढला नाही, कारण जावाच्या लेखी स्ट्रिंगमध्ये नल असणं हा गुन्हा नाही. सकाळी स्टिकर छापलं गेलं आणि काकांनी मला हाक मारली, "अहो इंजिनिअर, हा नल कोण? दमयंतीचा डबा वेगळा करायचा का?"

मग मी क्लासमध्ये नाव, पत्ता आणि पोळ्या असे तीन पॅरामीटर (बाहेरून द्यायच्या किमती) घेणारा कन्स्ट्रक्टर लिहिला. लिहिल्याबरोबर एडिटरभर लाल रेघा. तुम्ही एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर कंपायलर पॅरामीटर नसलेला एक फुकट देतो. स्वतःचा लिहिलात की तो फुकटचा काढून घेतो. आधी मी वैतागलो. पण त्या रेघा बरोबर तिथेच होत्या, जिथे मी ग्राहक अर्धवट सोडू शकत होतो. आता नाव न देता ग्राहक बनवणंच शक्य नव्हतं. आधी हे मला लक्षात ठेवावं लागायचं, आता ते कंपायलरच्या गळ्यात पडलं.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्याच डब्यांवर नल! कन्स्ट्रक्टरमध्ये मी 'नाव = नाव' लिहिलं होतं. पॅरामीटरचं आणि फील्डचं नाव एकच असलं की नुसतं 'नाव' म्हणजे पॅरामीटर. मी पॅरामीटरचीच किंमत पॅरामीटरला देत होतो आणि फील्ड कोरंच राहत होतं. 'धिस.नाव = नाव' हवं होतं. 'धिस' म्हणजे आत्ता जे ऑब्जेक्ट घडतंय ते.

आणखी एक खड्डा सांगून ठेवतो. कन्स्ट्रक्टरच्या आधी सवयीने 'व्हॉइड' ('काही परत देत नाही' असं सांगणारा शब्द) लिहू नका. तसं केलं की जावा त्याला साधी मेथड (क्लासमधलं नेहमीचं फंक्शन) समजतं, क्लासच्याच नावाची असली तरी. एरर येईलच असं नाही, आणि 'न्यू' तिला बोलावणार तर नाहीच. पुढे पायथॉनकडे गेलात तर हेच काम 'इनिट' करतं, आणि तिथे 'धिस'च्या जागी 'सेल्फ' असतं.

कन्स्ट्रक्टरमध्ये तपासणीही करता येते. किंमत पटली नाही तर एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारा चुकीचा इशारा, फेकायचं. मग ते ऑब्जेक्ट मागणाऱ्याच्या हाती लागतच नाही. पण अट घालताना विचार करा. मी ऐटीत लिहिलं होतं की पोळ्या शून्य किंवा त्याहून कमी असतील तर ग्राहक बनवायचाच नाही. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचे डबे निघाले, पोळ्या शून्य, आणि प्रोग्रामने एकही स्टिकर काढलं नाही. त्या दिवशी सगळी नावं मी डब्यांवर पेनने लिहिली, आणि संध्याकाळी अट बदलून 'शून्याहून कमी' अशी केली.