‘कम्यून’ म्हणजे ग्रामपंचायत की नगरपालिका?

प्रश्न असा आला आहे : फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या गावकारभाराबद्दल मराठीत वाचताना ‘कम्यून’साठी, म्हणजे फ्रान्समधल्या कारभाराच्या सगळ्यात खालच्या घटकासाठी, कुठे ‘ग्रामपंचायत’, कुठे ‘नगरपालिका’, तर कुठे नुसतं ‘कम्यून’ असं दिसतं. यातलं बरोबर काय? आणि सरसकट ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हटलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘कम्यून’ तसाच ठेवा. दुसऱ्याचं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि ते का, हे सांगायला जरा वेळ लागेल.

१४ डिसेंबर १७८९च्या कायद्याने फ्रान्सभर गावोगावी निवडून दिलेली मंडळं आली. पॅरिससाठी पुढे वेगळा कायदा झाला, पण बाकी सगळीकडे, शंभर उंबऱ्यांचं खेडं असो की बंदराचं मोठं शहर, साचा एकच. मंडळाच्या प्रमुखाला सर्वत्र ‘मेअर’च म्हणायचं, असं कायद्यातच लिहिलं होतं. ऑक्टोबर १७९३मध्ये तर शहर, कसबा, खेडं ही नावंच सरकारी भाषेतून काढून टाकण्याचा हुकूम निघाला. सगळ्यांना ‘कम्यून’ म्हणायचं. आता मराठीची पंचाईत बघा. आपल्याकडे सरपंच, नगराध्यक्ष, महापौर अशी उतरंड आहे. यातला कुठलाही शब्द उचलला, की जो भेद क्रांतीने मुद्दाम पुसला तो आपण पुन्हा रंगवतो. शिवाय ‘पॅरिस कम्यून’ म्हणजे १७८९पासूनचं पॅरिसचं नगरशासन, आणि १८७१चा उठाव तो वेगळाच. त्यामुळे सोबत साल हवंच.

आता ‘स्थानिक स्वराज्य’. हा शब्द आपल्याकडे रुळला तो व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२च्या ठरावामागोमाग. त्यात ‘स्वराज्य’ आधीच बसलेलं आहे, आणि इतिहासकारांचं भांडण नेमकं त्याच अर्ध्या शब्दावर आहे. १७८९च्या कायद्याने कम्यूनची कामं दोन प्रकारची मानली : काही तिची स्वतःची, म्हणजे गावची मालमत्ता, गावचा खर्च, गावातली सुव्यवस्था, आणि काही राज्याने तिच्याकडे सोपवलेली, जशी प्रत्यक्ष करांची वाटणी आणि वसुली. एकाच टेबलावर दोन टोप्या! मेअर यातली कुठली टोपी घालून बोलतो आहे, हे प्रत्येक कागदागणिक तपासावं लागतं.

फ्रेंच विचारवंत तोकव्हिलने १८५६मध्ये मांडलेला मुद्दा असा, की केंद्राकडे सगळी सूत्रं जाणं हे क्रांतीचं नव्हे, जुन्या राजेशाहीचंच काम. वाऱ्याने उडालेलं चर्चचं छप्पर दुरुस्त करायचं तरी गावाला वरून मंजुरी आणावी लागे, हे त्याचं उदाहरण मला फार आवडतं, कारण सरकारी बांधकामाची फाईल फिरताना पाहिलेल्या कुणालाही ते लगेच पटतं. त्याच्या नजरेने पाहिलं तर १७८९नंतरची तीन-चार वर्षं ही दोन लगामांमधली मोकळीक. ४ डिसेंबर १७९३च्या कायद्याने कम्यूनचा निवडून आलेला ‘प्रोक्युरर’, म्हणजे गावाच्या वतीने बाजू मांडणारा अधिकारी, जाऊन त्या जागी ‘नॅशनल एजंट’, म्हणजे केंद्राचा प्रतिनिधी, आला. बहुतेक ठिकाणी माणूस तोच राहिला असेल, पण शब्द बदलला आणि त्याबरोबर तो कोणाला जबाबदार हेही बदललं. १८००मध्ये मेअरच नेमणुकीचे झाले.

विसाव्या शतकातले अभ्यासक मात्र कायद्यावरून खाली उतरून सभांच्या नोंदवह्यांत शिरले. आपल्या भाषेत प्रोसिडिंग बुकात. फ्रेंच इतिहासकार आल्बेर सोबूल पॅरिसच्या ४८ ‘सेक्शन’च्या, म्हणजे वॉर्डांसारख्या विभागांच्या, कागदांत बसला. तिथल्या सभांमधून त्याला सामान्य कारागिरांचं राजकारण दिसलं. अमेरिकन इतिहासकार लिन हंटने पॅरिसबाहेरची दोन शहरं शेजारी ठेवली, त्र्वा आणि रँस. १७८९च्या उन्हाळ्यात अनेक शहरांत जुन्या नगरमंडळांच्या उरावर किंवा बाजूला नव्या समित्या उभ्या राहिल्या. इतिहासकार याला ‘म्युनिसिपल क्रांती’ म्हणतात. ‘नगरपालिका क्रांती’ असं केलंत तर आरोग्य खात्यात काही तरी घडल्यासारखं वाटतं. ‘शहरांतला सत्तापालट’ हा शब्द मी बरीच वर्षं वापरला, आता वापरत नाही. त्र्वामध्ये सप्टेंबरात जमावाने मेअरलाच ठार केलं, रँसमध्ये मात्र जुन्या आणि नव्या मंडळींनी बऱ्यापैकी जुळवून घेतलं. ‘पालट’ म्हटलं की रँस हातचं निसटतं. मी हल्ली ‘नगरसत्तेची उलथापालथ’ लिहितो. तोही शब्द थोडा जास्तच बोलतो, पण त्यात प्रकारांना जागा राहते. एरवी नुसतं ‘स्थानिक कारभार’ किंवा ‘स्थानिक प्रशासन’ म्हणावं. स्वराज्य होतं की नव्हतं, ते लेखातून ठरू दे.

जाता जाता दोन खड्डे दाखवतो. १७९०मध्ये देशाचे ८३ ‘डिपार्टमेंट’ केले, त्यांच्या पोटात ‘डिस्ट्रिक्ट’, मग ‘कँटन’, मग कम्यून. इंग्रजीवरून येणारे डिस्ट्रिक्टला ‘जिल्हा’ करतात आणि मग त्याच्या वरच्या डिपार्टमेंटला ‘विभाग’ किंवा ‘खातं’! डिपार्टमेंटला जिल्हा म्हणा, डिस्ट्रिक्ट साधारण तालुक्याच्या जागी येतो. दुसरा खड्डा त्याच नॅशनल एजंटचा. डिस्ट्रिक्टच्या एजंटाने केंद्राच्या समित्यांना दर ‘देकाद’ला अहवाल पाठवायचा होता. देकाद म्हणजे क्रांतीच्या कॅलेंडरातला दहा दिवसांचा आठवडा. एका मराठी मजकुरात मी ‘दर दशकाला अहवाल’ असं वाचलं आहे. तेवढी सवड असती तर बिचारे एजंट सुखी झाले असते.