बारावी सायन्स झालेल्या भावाला इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत हेल्पर म्हणून पाठवावं का? 'ट्रेनिंग कामावरच मिळेल' असं कंत्राटदार म्हणतो, ते पुरेसं आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ बारावी सायन्स झालाय, तळोज्यातल्या एका एनडीटी (वस्तू न तोडता तिची आतून तपासणी करणाऱ्या) कंत्राटदाराकडे पुढच्या महिन्यात हेल्पर म्हणून लागतोय, आणि 'रेडिएशन' हा शब्द ऐकल्यापासून आईचं जेवणात लक्ष नाही. मी या कामात बावीस वर्षं आहे. आधी रेडिओग्राफर होतो, मग साइट इन-चार्ज झालो, आणि गेली काही वर्षं रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून नवीन पोरांना शिकवतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. काम करू द्या, पण या वाटेने नको. आधी आरटी-१ चा कोर्स, म्हणजे रेडिओग्राफर होण्यासाठीचं पहिलं प्रशिक्षण, मग कॅमेऱ्याला, म्हणजे किरणांच्या पेटीला हात. बघून बघून शिकलेला हेल्पर हाच आमच्याकडे सगळ्यात जास्त धोक्यात असतो. कारण तो सोर्सच्या आसपास रोज असतो आणि सोर्स म्हणजे काय हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

आधी काम काय ते सांगतो. दोन पाइप वेल्ड केले की आत भेग, पोकळी किंवा स्लॅग (वेल्डिंगचा मळ) राहिला का हे बाहेरून दिसत नाही. म्हणून एका बाजूला फिल्म बांधायची, दुसऱ्या बाजूने गॅमा किरण सोडायचे आणि फिल्म डार्करूममध्ये धुऊन बघायची. हाड मोडल्यावर एक्स-रे काढतात तसंच. फरक एवढाच की दवाखान्यातलं मशीन वीज बंद केली की बंद पडतं. आमच्याकडे बहुतेक वेळा इरिडियम-१९२ चा सोर्स असतो, आणि त्याला बटण नाही. बोटाच्या पेराएवढी स्टीलची कुपी, तिच्यात इरिडियमच्या बारीक चकत्या. ती दिवसरात्र किरण सोडत असते. कॅमेरा म्हणजे तिला कोंडून ठेवणारी वीस-पंचवीस किलोची पेटी, आत किरण अडवणाऱ्या डिप्लीटेड युरेनियम या जड धातूचं कवच. वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेने बनवलेला 'रोली' आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दिसेल. लांब उभं राहून क्रँक फिरवायचा, केबल सोर्सला गाइड ट्यूबमधून पुढे ढकलते. वेळ झाली की उलटा फिरवून सोर्स परत कॅमेऱ्यात घ्यायचा. शॉट संपला. दिवसाला असे कित्येक शॉट होतात.

धोका सगळा त्या 'परत घ्यायचा'मध्ये आहे. केबल आणि सोर्स यांना जोडणारं टोक, म्हणजे पिगटेल, नीट अडकलं नसेल तर क्रँक पूर्ण फिरतो, केबल परत येते आणि सोर्स मात्र ट्यूबच्या टोकाला तसाच राहतो. वास नाही, आवाज नाही, चटका नाही. हातात धरला तरी गरम लागत नाही. त्या क्षणी तुमच्या भावाला वाचवणारी एकच वस्तू असते, हातातला सर्व्हे मीटर, म्हणजे किरण किती आहेत ते दाखवणारं यंत्र.

शिकवायला मी फळ्यापासून सुरुवात करत नाही. पोरांना मोकळ्या जागेत नेतो, खडूने जमिनीवर एक ठिपका काढतो आणि म्हणतो, इथे ३० क्युरीचा (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं माप) इरिडियम उघडा पडलाय असं समजा. मग टेप धरून एक मीटर, दोन मीटर, चार, दहा अशा रेघा मारतो आणि प्रत्येक रेघेवर आकडा त्यांच्याकडूनच काढून घेतो. एक मीटरवर ताशी सुमारे १४५ मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळणाऱ्या डोसचं माप). दोन मीटरवर निम्मे नाही, चौथा हिस्सा, म्हणजे ३६. चार मीटरवर ९. दहा मीटरवर दीडच्या खाली. आपल्या देशात रेडिएशनच्या कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आता हिशोब करा म्हणतो. एक मीटरवर उभा राहिलात तर वर्षाचे २० किती वेळात? आठ-सव्वाआठ मिनिटांत. पोरं गप्प होतात. मग मी उलट्या बाजूला जातो. सोर्स चिमटीत धरला, बोटापासून एक सेंटिमीटरवर, तर अंतर शंभर पटीने कमी म्हणजे डोस दहा हजार पट. हाताची वर्षाची मर्यादा ५०० मिलिसिव्हर्ट, ती सव्वा सेकंदात संपते. दहा सेकंदांत चार हजार. एवढ्यावर कातडी काही दिवसांत लाल होते, त्याहून जास्त घेतलं तर दोन-तीन आठवड्यांनी फोड येतात, आणि तोवर माणूस विसरून गेलेला असतो की आपण एक चमकदार तुकडा उचलला होता.

हे पुस्तकातलं भय नाही. पेरू देशात यानांगो इथे जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर २० फेब्रुवारी १९९९ रोजी नेमकं हेच झालं. इरिडियमचा ३७ क्युरीचा सोर्स सुटून पडला होता. एका वेल्डरने तो उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि कित्येक तास तसाच वावरला. पँट घरी गेली, त्याची बायको बाळाला पाजताना त्याच पँटवर थोडा वेळ बसली, तिलाही जखम झाली. त्याचा उजवा पाय पुढे कापावा लागला. त्याआधी १९९६ मध्ये इराणमधल्या गिलानच्या वीज प्रकल्पावर एका कामगाराने असाच सोर्स छातीच्या खिशात ठेवला होता. १९८४ मध्ये मोरोक्कोत मोहम्मेदिया इथे एक सोर्स कामगाराच्या घरी पोचला आणि आठ माणसं दगावली. तिन्ही ठिकाणी सोर्स हातात घेणारा माणूस रेडिओग्राफर नव्हता. तो वेल्डर होता, मजूर होता, म्हणजे तुमचा भाऊ पुढच्या महिन्यात ज्या जागी उभा राहणार आहे त्याच जागेवरचा. म्हणून मी हेल्परच्या प्रशिक्षणाबद्दल इतका आग्रही आहे. आमच्याकडे जागेवर कोणी अनोळखी धातूचा तुकडा दिसला तर काय करायचं, हे मी वेल्डरला, फिटरला, वॉचमनला, चहा आणणाऱ्या पोरालासुद्धा सोर्सच्या डमीचा फोटो दाखवून सांगतो. उचलायचं नाही, लांब व्हायचं, आम्हाला हाक मारायची. दहा मिनिटं लागतात.

कोर्सला बसलेल्या पोरांशी मी एक गोष्ट मुद्दाम करतो. पहिल्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मीटरमधली बॅटरी काढून ठेवतो. कोण बॅटरी तपासून मीटर उचलतो ते बघतो. बहुतेक जण तसाच उचलतात, काटा शून्यावर असतो आणि 'सगळं ठीक आहे' म्हणून कॅमेऱ्याकडे चालू लागतात. मी काही बोलत नाही, कॅमेऱ्यापाशी पोचल्यावर फक्त बॅटरी हातात ठेवतो. पुढच्या दिवसापासून कुणी विसरत नाही. दुसरी गोष्ट त्यांना आणखी उशिरा पटते: काही मीटर फार तीव्र किरणांत गुदमरतात आणि शून्य दाखवतात. म्हणून मीटर कॅमेऱ्याजवळ नेऊन चालू करायचा नाही. लांबूनच चालू करायचा, चालताना काट्यावर डोळा ठेवायचा आणि काटा जसा हवा तसाच वागतोय का हे बघत पुढे जायचं. शॉटनंतर कॅमेऱ्यापर्यंत, मग गाइड ट्यूबच्या शेवटच्या टोकापर्यंत. दिवसाचा पन्नासावा शॉट असला तरी.

माझ्या डोळ्यांसमोर जे झालं तेही सांगतो. एका प्लांटच्या शटडाउनमध्ये रात्री काम चालू होतं. रेडिओग्राफी बहुधा रात्रीच करतात, कारण बाकीचे कामगार गेल्यावरच जागा मोकळी करून दोरी बांधता येते. शेजारच्या रॅकवरून एक पाइप घरंगळला आणि गाइड ट्यूबवर पडला. ट्यूब चेपली. क्रँक मागे फिरेना. नवीन आलेला नांदेडकडचा पोरगा, प्रामाणिक, कामसू, 'मी बघतो' म्हणून ट्यूब सरळ करायला निघाला. त्याच्या मनात एकच होतं, काम अडलंय. रेडिओग्राफरने त्याला कॉलर धरून मागे ओढलं, अक्षरशः. मग आम्ही काय केलं? आधी काहीच नाही. दोरी आणखी लांब नेली, दोन माणसं पहाऱ्यावर ठेवली, वेळ लिहिली, बसलो आणि कागदावर हिशोब केला की कुणी किती सेकंद किती अंतरावर जायचं. सोर्स कुठल्याही मिनिटाला फुटणार नव्हता, घाई फक्त आमच्या मनात होती. मग शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या लांब चिमट्याने ट्यूबच्या त्या भागावर टाकल्या, मीटरचा काटा उतरला, ट्यूबचा चेपलेला भाग आळीपाळीने थोडा थोडा वेळ जाऊन सरळ केला आणि सोर्स परत कॅमेऱ्यात आला. सगळ्यांच्या पॉकेट डोसिमीटरवर (खिशातल्या डोस मोजणाऱ्या यंत्रावर) आकडे अगदी लहान होते. त्या पोराने ट्यूब हातात धरली असती तर आकडा लहान राहिला नसता. तेव्हापासून माझ्या वर्गात एक वाक्य रोज असतं: अडकलं की मागे या.

आता कागदपत्रं. या सगळ्यावर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची. ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला. कंपनीला सोर्स बाळगायचा परवाना लागतो, आणि परवाने, माणसांची नावं, सोर्स कुठून कुठे गेला ही नोंद, सगळं 'ई-लोरा' नावाच्या त्यांच्या ऑनलाइन व्यवस्थेत चालतं. शिडी अशी: आरटी-१ झाला की तो रेडिओग्राफर म्हणून कॅमेरा चालवू शकतो, आरटी-२ झाला की साइटची जबाबदारी घेऊ शकतो, आणि पुढे परीक्षा व मंजुरी घेऊन सेफ्टी ऑफिसर. भाऊ बारावी सायन्स आहे, अठरा पूर्ण असेल, तर आरटी-१ त्याला अवघड नाही. गणित म्हणाल तर वरचंच, अंतराचा वर्ग आणि निम्मं होण्याचा काळ. इरिडियम ७४ दिवसांत निम्मा होतो. आज ३० क्युरी असेल तर अडीच महिन्यांनी १५, म्हणजे त्याच फिल्मला दुप्पट वेळ. हे ज्याला कळलं त्याला अर्धा अभ्यासक्रम कळला.

टीएलडी बॅजबद्दल, म्हणजे अंगाला किती डोस लागला ते नोंदवणाऱ्या बिल्ल्याबद्दल मात्र थोडं जास्त सांगतो, कारण इथे पोरांना फसवलं जातं. बॅज छातीवर लावायचा, स्वतःचाच लावायचा, आणि काम संपलं की सोर्सपासून लांब ठेवायचा. तो ठरावीक काळाने तपासणीला जातो आणि प्रत्येकाचा डोस देशाच्या पातळीवर त्याच्या नावावर आयुष्यभर नोंदवला जातो. कंपनी बदलली तरी नोंद पुसत नाही. काही कंत्राटदार 'आकडा वाढला तर बसवून ठेवतील, पगार जाईल' अशी भीती घालून बॅज काढून ठेवायला सांगतात. मला याचा फार राग येतो. बॅज तुमच्या भावाचं किरणांपासून रक्षण करत नाही, तो फक्त साक्षीदार आहे. आणि उद्या काही झालं तर त्याच्या बाजूने बोलणारा तेवढाच एक साक्षीदार असतो.

आईंना सांगा, पाइपवर किरण टाकले म्हणून पाइप किरणोत्सारी होत नाही, भावाचे कपडेही होत नाहीत; तो घरी येऊन भाचरांना उचलून घेऊ शकतो. मूल होत नाही ही भीतीही मी गावोगाव ऐकतो, त्यापायी पोरांची लग्नं मोडलेली पाहिली आहेत. तात्पुरता परिणाम दिसायलासुद्धा त्या अवयवाला एकाच वेळी शंभर-दीडशे मिलिसिव्हर्ट लागतात, आणि नीट काम करणाऱ्याचं वर्ष त्याच्या कितीतरी खाली निघतं. निसर्गातूनच आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी दोन-अडीच मिळतात. गूळ खाऊन किंवा दूध पिऊन रेडिएशन 'उतरत' नाही, तेवढं मात्र भावाला सांगा. ज्या साइटवर कुणी असं सांगतं, तिथे बाकीचं शिक्षणही त्याच दर्जाचं असतं.

खरा शत्रू किरणांपेक्षा घाई आहे, हे बावीस वर्षांनंतरचं माझं मत. कामाचा दर फिल्ममागे असतो. सोर्स जुना झाला की प्रत्येक शॉटला वेळ वाढतो, पहाट जवळ येते, दिवसपाळीची माणसं यायला लागतात आणि मीटर घेऊन ट्यूबच्या टोकापर्यंत चालत जाणं हे कुणाला तरी 'वेळ घालवणं' वाटू लागतं. म्हणून भावाने कंत्राटदाराला पगाराआधी हे विचारावं: माझ्या नावाचा बॅज पहिल्या दिवशी मिळेल का? साइटवर चालू मीटर किती, आणि त्यांची कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) तारीख काय? तुमचा सेफ्टी ऑफिसर कोण, त्याच्याशी बोलू का? आरटी-१ ला मला कधी पाठवणार, लेखी द्याल का? तोपर्यंत मी दोरीच्या बाहेर राहून फिल्म धुणं, पहारा एवढंच करेन, चालेल का? मीही सुरुवातीला फिल्मच धुतल्या, त्यात कमीपणा काही नाही.

यातल्या बॅजच्या आणि कोर्सच्या प्रश्नाला 'बघू नंतर' असं उत्तर आलं, तर त्याला त्या साइटवर पाठवू नका. दोन-चार महिने उशीर झाला तरी चालेल, कोर्स करून दुसरीकडे लागेल. अर्ज भरताना अडलं तर याच उत्तराखाली लिहा, मी वाचतो.