इलेक्ट्रॉनिक संगीताचा अभ्यास करून प्राध्यापक होता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, घरी लॅपटॉपवर ट्रॅक बनवता, आणि या संगीतावरच संशोधन करून पोट भरेल का, की घरचे म्हणतात तसा हा छंदच बरा?

होता येतं. मी तेच करते. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिकवते आणि माझी पीएचडी डॉल्बीवर आहे. डॉल्बी म्हणजे आमच्या सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचतात ती स्पीकरची भिंत. मीही तुमच्यासारखीच इलेक्ट्रॉनिक्सची. त्यामुळे माझ्या वाटेवर काय होतं तेच सांगते.

‘इलेक्ट्रॉनिक संगीत आणि ध्वनिसंस्कृती’ अशी पाटी शोधत बसू नका, फार थोड्या ठिकाणी सापडेल. ही माणसं वेगवेगळ्या विभागांत बसलेली असतात. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीतावर ज्या पार्ट्या होतात, त्यांच्यावर 2007 साली एक महत्त्वाचा ग्रंथ आला. तो लिहिणारे अरुण सालदान्हा भूगोलाचे प्राध्यापक आहेत. एकाच तालावर नाचणारे गोरे आणि भारतीय त्या किनाऱ्यावर वेगळेवेगळे कसे राहतात, हा त्यांचा प्रश्न. तुमच्या पदवीला जवळचं दार हवं असेल तर संगीताचं संगणकीय विश्लेषण आहे. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्याकडे हिंदुस्थानी संगीतावर अशी कामं झाली आहेत, आणि या क्षेत्राची इस्मिर ही जागतिक परिषद 2022 साली बंगळुरूला भरली होती. बाकी कोणी मानववंशशास्त्रात असतं, कोणी माध्यम अभ्यासात, कोणी संगीत विभागात.

म्हणून आधी विभाग नाही, प्रश्न ठरवा. माझा प्रश्न एका शब्दातून निघाला. रे डॉल्बी यांनी 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवण्यासाठी. आवाजातला नकोसा आवाज काढणाऱ्या माणसाचं आडनाव आपल्याकडे सगळ्यात मोठ्या आवाजाचं नाव झालं, आणि पुढे ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशी मोहीमही निघाली. हे कसं घडलं, या आवाजात लोकांना काय मिळतं आणि त्याला गोंगाट कोण म्हणतं, एवढ्यावर माझी चार वर्षं गेली.

त्यातली बरीचशी ट्रॉलीच्या मागे चालण्यात गेली. साउंडवाल्या पोरांशी ओळख व्हायला एक अख्खा सीझन लागला. सुरुवातीला त्यांना वाटायचं, ताई तक्रार करायला आल्यात. पुढे एका ऑपरेटरनं बेस कसा बसवतात ते दाखवलं. तो मिक्सरपाशी उभा राहून ठरवत नसे. वीस-पंचवीस पावलं पुढे जायचा, बंद दुकानाच्या शटरवर तळवा टेकवायचा, आणि हाताला थरथर लागली की मागे वळून खूण करायचा. ही माहिती मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती.

इंजिनिअरिंग कामाला आलं ते इथेच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण हे आकडे ‘ए’ वेटिंगचे, म्हणजे मोजताना वेगवेगळ्या आवाजांना कमीजास्त वजन देण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीचे आहेत. ए वेटिंग कानाची संवेदनशीलता धरून खालच्या कंप्रता, म्हणजे बेसचे आवाज, कापतं. 50 हर्ट्झला ही कपात सुमारे 30 डेसिबल असते. म्हणजे 50 हर्ट्झचा 100 डेसिबलचा नाद मीटरवर 70 दिसतो. शटर हलवणारा, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडणारा बेस कायद्याच्या आकड्यात फारच कमी दिसतो. हे मीटरवर पाहिलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. पण संशोधन इथे थांबलं असतं तर तो नुसता तांत्रिक अहवाल झाला असता. पुढचा प्रश्न जास्त अवघड होता: आवाज तेवढाच असताना गणपतीच्या मिरवणुकीबद्दल लोक कोणत्या शब्दांत बोलतात आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकीबद्दल कोणत्या? उत्तर ऐकायला माणसांच्या घरात बसावं लागतं, मीटर तिथे उपयोगी पडत नाही.

हा विषय परदेशातून आणलेला आहे असं कोणी म्हणालं तर मानू नका. 1969 साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभा राहिला. संगीतकार गीता साराभाईंचा त्यात मोठा वाटा होता आणि तो उभारायला संगीतकार डेव्हिड ट्यूडर अमेरिकेहून आले होते. तिथे भारतीय संगीतकारांनी केलेलं काम संस्थेच्या संग्रहात कित्येक वर्षं पडून राहिलं. पॉल पुर्गस या कलाकार-संशोधकानं त्या टेप शोधल्या आणि 2023 साली ते ध्वनिमुद्रण लोकांसमोर आलं. चरणजितसिंग यांचंही तसंच. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा हा वादक. 1982 साली त्यांनी रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, आणि त्या रेकॉर्डकडे कोणी फारसं पाहिलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली की शिकागोच्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताच्या आधीचं ॲसिड हाउस मुंबईत सापडलं. मला ‘पहिलं कोण’ या वादात रस नाही. टीबी-303 या बेसच्या यंत्रातलं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं आपल्या रागसंगीतातल्या मींडेच्या शेजारी इतकं सहज का बसतं, यावर मात्र कोणीतरी मन लावून लिहायला हवं. तुम्ही लिहाल तर मी पहिली वाचक.

वाचायची सुरुवात मराठीतून करा. संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी रागसंगीताच्या जोडीला लोकसंगीत आणि जनसंगीत यांनाही शास्त्राच्या बैठकीवर आणलं. परदेशात भेटलेल्या बऱ्याच सिद्धांतांना मी मनातल्या मनात रानड्यांपुढे उभं करून पाहते.

आता पोटाचं. भारतात नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत, पण अर्ज संगीत, माध्यम किंवा समाजशास्त्र अशा मान्य विषयातूनच करावा लागतो. परदेशात पूर्ण शिष्यवृत्ती नसेल तर जाऊ नका, कर्ज काढून तर अजिबात नको. पीएचडीनंतर मी पाच वर्षं एकेका वर्षाच्या करारावर काढली, तीन शहरं बदलली. त्या काळात वडिलांच्या आजारपणात जाता आलं नाही, ते अजून सलतं. कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि प्रत्येकीला अर्ज खूप. तुमचा कोडिंगचा हात सोडू नका. मधल्या वर्षांत माझं घरभाडं त्यावरच निघालं.

अर्जात तुमच्याकडच्या सॉफ्टवेअरची आणि यंत्रांची यादी देऊ नका. एक प्रश्न द्या, आणि त्यासाठी स्वतः गोळा केलेलं थोडं साहित्य. ते आत्तापासून जमवता येतं. गावातला जुना ऑक्टोपॅडवाला, बँजो पार्टीचा म्होरक्या, कॅसेटचं दुकान चालवलेला माणूस, यांच्याशी त्यांच्या परवानगीनं तास-दोन तास बोला, रेकॉर्ड करा, आणि फाइलच्या नावात तारीख, गाव, माणूस लिहा. माझ्या पहिल्या वर्षाच्या 40 फाइलींवर नावं नव्हती, त्यातल्या निम्म्या आज कोणाच्या आहेत ते मला सांगता येत नाही.

येत्या विसर्जनाला एक साधा ध्वनिमापक घ्या, ट्रॉलीपासून ठरावीक अंतरावर उभे राहा, आणि एकाच जागी ‘ए’ आणि ‘सी’ (हे बेस फारसा कापत नाही) अशा दोन्ही वेटिंगवर आकडे टिपा. कानात प्लग घालूनच. दोन आकड्यांत किती फरक येतो ते इथे प्रतिक्रियेत लिहा, मी उत्तर देईन.