वळणदार सुलेखन-फॉन्ट नमुन्यात देखणे, पण आपल्या रचनेत विस्कटलेले का दिसतात?

आमंत्रणपत्रिका आणि मानपत्रे यांची अक्षररचना मी बरीच वर्षे करत आहे. सुलेखनाच्या धर्तीचे फॉन्ट नमुन्यात मोहक वाटतात, पण स्वतःच्या रचनेत घेतले की विस्कटतात, असे का, हा आपला प्रश्न. माझ्या मते या फॉन्टचा जीव सुट्या अक्षरात नसतो. एका अक्षरातून पुढच्या अक्षरात जाणाऱ्या रेघेत असतो आणि बहुतेक चुका ती रेघ तोडणाऱ्याच असतात.

रोमन लिपीतील ‘स्नेल राउंडहँड’ हा फॉन्ट पाहा. फॉन्ट घडवणारे मॅथ्यू कार्टर यांनी तो १९६६ मध्ये चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्लिश सुलेखनकाराच्या वळणावरून घडवला. पूर्वीच्या छपाईत शिशाच्या खिळ्याला, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशाला, चौकोनी अंग असे. तिरक्या अक्षराची शेपटी त्याबाहेर काढली तर ती मोडण्याचा धोका असे. फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे अक्षरे प्रकाशाने फिल्मवर उमटवण्याच्या पद्धतीत, ती एकमेकांवर चढवता येऊ लागली, म्हणून ही सलग रेघ साधली. अशा फॉन्टमध्ये एका अक्षराची बारीक रेघ जिथे संपते, तिथेच पुढचे अक्षर तिला उचलून घेते. अक्षरांमधील अंतर किंचित जरी वाढवले, तरी प्रत्येक सांध्यावर फट दिसते. देवनागरीत शिरोरेखा तुटावी तसेच हे आहे. एका मानपत्रात ओळ पूर्ण रुंदीची व्हावी म्हणून मी हेच केले होते आणि पडद्यावर न जाणवलेल्या फटी छापील प्रतीत स्पष्ट दिसल्या. तेव्हापासून अशा फॉन्टमध्ये ओळ लांबवायची असल्यास मी अक्षरांचा आकार वाढवतो, अंतराला हात लावत नाही.

संपूर्ण शब्द कॅपिटल अक्षरांत लिहिणे त्याहून घातक आहे, कारण त्या अक्षरांचे फुलोरे शब्दाच्या आरंभासाठी काढलेले असतात. सलग मांडले की ते एकमेकांत गुंततात आणि नाव वाचताच येत नाही.

सुलेखनकार हर्मन झाफ यांच्या, १९९८ मध्ये आलेल्या ‘झाफिनो’ या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची अनेक रूपे आहेत. शेजारी कोणते अक्षर आहे हे पाहून रूप बदलण्याची सोय अशा फॉन्टमध्ये असते, पण काही सॉफ्टवेअरमध्ये ती बंद असते. ती आधी सुरू करावी. दोन सारखी अक्षरे लागोपाठ आली, तर मी त्यांतील एकाचे रूप हाताने बदलतो, कारण माणसाचा हात तेच वळण दोनदा हुबेहूब काढत नाही.

हे फॉन्ट नाव, शीर्षक किंवा फार तर एका ओळीपुरते ठेवावेत आणि सोबतचा मजकूर साध्या, सरळ फॉन्टमध्ये घ्यावा. दोन वळणदार फॉन्ट शेजारी आणू नयेत. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवल्यास शाई पसरून बारीक रेघा बुजतात, म्हणून तिथे जाड वजनाचा फॉन्ट निवडावा. शेवटी, प्रत्यक्ष आकारात एक प्रत छापून, ते नाव ठाऊक नसलेल्या व्यक्तीला मोठ्याने वाचायला सांगावे. ती ज्या अक्षरापाशी अडखळेल, त्याचे अधिक साधे रूप घ्यावे.