तिला समजवू नका, तिचं ऐका

खानापूर तालुक्यातले एक पालक लिहितात: ‘मुलीचं दुसरं पीयूसी (बारावी) झालं. नीटमध्ये कमी पडली, म्हणून वर्षभर पुन्हा बसवणार आहे. भावकीत तसं सांगून ठेवलंय. ती मात्र दुखण्यावरच्या औषधांचं संशोधन करायचं म्हणते. आजीला नागिणीनंतर पाठीत आग होते, त्यावरून हे खूळ. ती म्हणते ते कॅल्शियम चॅनल ब्लॉकर म्हणजे माझीच बीपीची गोळी ना? त्यात नवीन काय शोधायचं? आणि डॉक्टर न होता औषध शोधता येतं का? तिला समजवा.’

तिला समजवायला मी तयार नाही. मार्कांची मला काळजी वाटत नाही, तुमच्या घाईची वाटते. भावकीत शब्द दिलात तुम्ही, वर्ष जाणार तिचं. मनाविरुद्ध रिपीटला बसवलेली मुलं पुस्तक उघडून नुसती बसून राहतात. आजीचं दुखणं बघून जिला प्रश्न पडला आणि जी उत्तर शोधत वाचत सुटली, तिला खूळ लागलेलं नाही. असा प्रश्न पडणं शिकवून येत नाही हो.

तुमची गोळी बहुधा अॅम्लोडिपिन. चॅनल म्हणजे पेशीत कॅल्शियम आत सोडणारं दार. ही गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले ‘एल’ प्रकारचे चॅनल अडवते. भिंत सैल पडते, दाब उतरतो. दुखण्याचा मामला वेगळा. नसेचं टोक मज्जारज्जूत जिथे संपतं, तिथे मुख्यतः ‘एन’ प्रकारच्या चॅनलमधून कॅल्शियम आत शिरतं, ग्लुटामेट आणि सबस्टन्स-पी ही निरोप नेणारी रसायनं बाहेर सुटतात आणि वेदनेचा निरोप पुढे जातो. हे चॅनल अडवणारं झिकोनोटाइड २००४ साली अमेरिकेत मंजूर झालं. पण ते समुद्री शंखाच्या विषातलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी; पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं, वर रुग्णाला भ्रम होऊ शकतो. म्हणून पोटातून घेता येईल असा छोटा रेणू हवा आहे. ट्रॉक्स-१ हा संशोधनातला तसा एक: सतत उत्तेजित असलेल्या नसांतले चॅनल जास्त अडवतो, शांत नसांतले कमी. फक्त ‘एन’ चॅनल अडवणारी दुखण्यावरची गोळी अजून बाजारात नाही. काम भरपूर शिल्लक आहे.

त्याला एमबीबीएस लागत नाही, नेटका हात लागतो. असे रेणू पाण्यात सहसा विरघळत नाहीत, आधी डीएमएसओ नावाच्या द्रावकात घ्यावे लागतात. रेणुभार ४०० असेल तर १ मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप). त्यातला १ मायक्रोलिटर पेशींच्या १ मिलिलिटर द्रावणात टाकला की १० मायक्रोमोलर, डीएमएसओ ०.१ टक्का. इथेच घोटाळा होतो: पाणी लागताच रेणूचा साका बसतो, पेशीपर्यंत पोचतच नाही, आणि विद्यार्थी ‘परिणाम नाही’ लिहून मोकळा होतो. नुसत्या डीएमएसओशी तुलना हवीच. उंदरांवर फसगत आणखी मोठी. गरम पत्र्यावर दुखलं की उंदीर पंजा चाटतो; पण गुंगी आलेला उंदीरही चाटत नाही. फिरत्या दांड्यावर तोल सांभाळतो का हे बघितल्याशिवाय दुखणं कमी झालं म्हणता येत नाही.

रस्ता असा: केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून चार वर्षं बी.फार्म., जीपॅट ही एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा देऊन फार्माकॉलॉजीत (औषध शरीरावर कसं काम करतं त्याचा अभ्यास) एम.फार्म., मग पीएच.डी. दहाएक वर्षं जातात, पगार उशिरा सुरू होतो. हे तिलाही स्पष्ट सांगा. दोन वर्षांचं डी.फार्म. या कामासाठी नको. बेळगावातच केएलई आणि मराठा मंडळाची फार्मसी कॉलेजं आहेत. महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद असते; गाव यादीत असेल तर रहिवास आणि मातृभाषेचे दाखले आताच काढून ठेवा.

आजींना मात्र आधी पेन क्लिनिकला न्या. नागिणीनंतरच्या आगीवर दिलं जाणारं गॅबापेंटिन याच चॅनलच्या एका उपघटकाला चिकटतं. ते चालेल का आणि किती, हे मूत्रपिंडाची तपासणी बघून डॉक्टर ठरवतील.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रश्न तिला विचारू द्या: प्राणीगृहाची नोंदणी आहे का, फार्माकॉलॉजीत एम.फार्म. चालतं का, कोणाचं काम दुखण्यावर आहे. तुम्ही तेवढा वेळ बाहेर बसा.